मिथ्रिलची तलवार आणि लोहाराची भट्टी

गेल्या दिवाळीच्या सुटीत माझा भाचा आमच्याकडे राहायला आला होता. तो नववीत शिकतो. सकाळचा फराळ झाला की स्वारी संगणकापुढे बसे, ती जेवायची हाक येईपर्यंत. एके दिवशी मी त्याच्या मागे उभा राहून पाहू लागलो. पडद्यावर एक छोटासा माणूस खडकावर कुदळ मारीत होता. खडकातून निळसर ढेकूळ निघाले की ते त्याच्या पिशवीत पडे आणि पिशवी भरली की तो भट्टीकडे धावे.

"काय खणतोयस रे?" मी विचारले.

"मिथ्रिल. एका मिथ्रिलच्या दगडाला चार कोळसे लागतात, मामा. मग लगड तयार होते. लगडीची तलवार."

माझे सारे आयुष्य ओतशाळेत गेले. 'एका दगडाला चार कोळसे' हे ऐकल्यावर मला राहवेना. खुर्ची ओढून मी त्याच्या शेजारी बसलो आणि जेवायची हाक त्या दिवशी आम्हा दोघांनाही ऐकू आली नाही.

या खेळाचे नाव रूनस्केप. इंग्लंडमध्ये तो तयार झाला आणि २००१ साली इंटरनेटवर आला. पुढे त्यात बरेच बदल झाले. पण जुन्या खेळाडूंना जुनाच खेळ हवा होता, म्हणून २००७ सालच्या रूपातील खेळ २०१३ मध्ये पुन्हा सुरू करण्यात आला. माझा भाचा खेळतो तो हा जुन्या वळणाचा. त्यात धातूंची एक शिडीच आहे. सर्वांत खाली ब्राँझ, म्हणजे कासे. त्यावर लोखंड, त्यावर पोलाद, मग मिथ्रिल, अ‍ॅडमंट आणि वरच्या टोकाला रून. प्रत्येक पायरीचा धातू खालच्यापेक्षा सरस. तो वितळवायला लोहारकामाची पात्रताही अधिक लागते. ब्राँझ पहिल्याच दिवशी जमते. लोखंडाला १५वी पातळी गाठावी लागते, पोलादाला ३०वी, मिथ्रिलला ५०वी, अ‍ॅडमंटला ७०वी आणि रूनला ८५वी.

मिथ्रिल आणि रून कोणत्याही खाणीत सापडणार नाहीत हे तुम्हालाही ठाऊक आहे. पण पहिल्या तीन पायऱ्या खऱ्या आहेत. माणूस खरोखरच ब्राँझवरून लोखंडाकडे आणि लोखंडावरून पोलादाकडे गेला. तेव्हा या शिडीत खरे किती आणि खोटे किती, हे पाहायला काय हरकत आहे?

तळाच्या पायरीपासूनच सुरुवात करू. खेळात एक तांब्याचा दगड आणि एक कथिलाचा दगड भट्टीत टाकला की ब्राँझची लगड मिळते. म्हणजे प्रमाण निम्मे-निम्मे. अशा धातूची तलवार पहिल्याच घावाला काचेसारखी फुटेल! शस्त्रांचे ब्राँझ साधारण नऊ-दहा भाग तांबे आणि एक भाग कथील असे असते. कथील वाढवावे तसा धातू कठीण होतो, पण त्याबरोबर ठिसूळही होतो. पायाचे तळवे घासायची काशाची वाटी तुमच्या घरी असेल तर ती वाजवून पाहा. तिच्यात शंभरातले वीस-बावीस भाग कथील असते. म्हणून ती घंटेसारखी खणखणते आणि दगडी फरशीवर पडली तर तडकू शकते. तेहेतीस भागांच्या आसपास कथील घातले की पांढरा, चकचकीत आणि अतिशय ठिसूळ धातू मिळतो. त्याचे पूर्वी आरसे करीत.

खरे प्रमाण किती, याचा एक सुंदर पुरावा समुद्राच्या तळाशी सापडला. तुर्कस्तानच्या दक्षिण किनाऱ्याजवळ उलुबुरून येथे इसवी सनापूर्वीच्या चौदाव्या शतकात एक व्यापारी जहाज बुडाले होते. १९८४ ते १९९४ या काळात पाणबुड्या पुरातत्त्वज्ञांनी त्याचे उत्खनन केले. जहाजात सुमारे दहा टन तांब्याच्या लगडी होत्या आणि कथील होते सुमारे एक टन. कोणा राजाच्या सैन्यासाठी ब्राँझची सामग्री चालली होती म्हणा ना!

आता दुसरी पायरी. लोखंड ब्राँझपेक्षा सरस, असे खेळ सांगतो. आपल्यालाही तसेच वाटते. परंतु ठोकून घट्ट केलेले चांगले ब्राँझ शुद्ध लोखंडापेक्षा कठीण असते. पहिल्या लोहारांच्या मऊ लोखंडी तलवारी लढाईत वाकत असणार. मग माणसाने ब्राँझ सोडले कशासाठी? मुख्य कारण शोधायला रणांगणावर जायला नको, ते जमिनीत आहे. पृथ्वीच्या कवचात लोखंड वजनाने सुमारे पाच टक्के आहे. कथील आहे दहा लाख भागांत अवघे दोन-तीन भाग, आणि तेही मोजक्या ठिकाणी. त्यासाठी जहाजे दूरदूर पाठवावी लागत. लोखंडाचा दगड मात्र पुष्कळ गावांच्या शिवारातच मिळे. ब्राँझ सरदारांना परवडे, लोखंड शेतकऱ्याच्या विळ्याला आणि फाळाला परवडले.

मग पात्रतेच्या पातळ्यांना काहीच अर्थ नाही काय? आहे, आणि तो मला फार आवडला. कथील २३२ अंश सेल्सिअसला वितळते, तांबे १०८५ अंशांना आणि लोखंड १५३८ अंशांना. पातळीऐवजी भट्टीचे तापमान लिहा, म्हणजे खेळातली शिडी बरीचशी खरी होते. माणसाचा एकेक धातू म्हणजे त्याच्या भात्याची एकेक पायरी. जुन्या लोहाराची भट्टी जेमतेम १२०० अंशांपर्यंत जाई. तीत लोखंड वितळतच नसे. कोळशापासून निघणारा कार्बन मोनॉक्साइड वायू दगडातला ऑक्सिजन काढून घेई आणि मागे लोखंडाचा स्पंजासारखा गोळा उरे. त्यात मळी अडकलेली असे. तो लालभडक गोळा ऐरणीवर घेऊन घणाने ठोकत राहायचे, म्हणजे मळी बाहेर पडायची. त्या मळीबरोबर पुष्कळसे लोखंडही वाया जाई. भाच्याने सांगितले, "आमच्याकडेही लोखंडाचे निम्मे दगड भट्टीत फुकट जातात." खेळ रचणाऱ्याने हे जाणून केले की अंदाजाने, कोण जाणे. पण ते अचूक बसले आहे.

कोळसे किती?

खेळात पोलादासाठी लोखंडाचा एक दगड आणि दोन कोळसे लागतात. येथे मी भाच्याची पाठ थोपटली. पोलाद म्हणजे लोखंड आणि कार्बन, हे दहावीच्या पुस्तकातले सत्य त्याला खेळताखेळता पाठ झाले होते. पण पुढे गडबड आहे. मिथ्रिलला चार कोळसे, अ‍ॅडमंटला सहा, रूनला आठ. म्हणजे जितका कोळसा अधिक तितका धातू बलवान!

खऱ्या भट्टीत कोळशाची कामे तीन. तो उष्णता देतो, खनिजातला ऑक्सिजन काढून घेतो आणि त्यातला अगदी थोडा कार्बन लोखंडात मुक्कामाला राहतो. हा मुक्काम किती हे फार जपून ठरवावे लागते. बांधकामाच्या सळईत शंभर ग्रॅमला साधारण पाव ग्रॅम कार्बन असतो. कानशीत किंवा सुताराच्या पटाशीत एक ग्रॅमच्या आगेमागे. अडीच ते चार ग्रॅम झाला की पोलाद राहतच नाही, ते बीड होते. जुन्या शिलाई मशिनचा पाय किंवा गटाराचे झाकण बिडाचे असते. बीड ओझे पेलते, पण हातोड्याचा जोरदार घाव बसला की त्याचे तुकडे होतात. आठ कोळशांची तलवार ही अशी बिडाची तलवार.

असे का व्हावे? एक मोठी सतरंजी खोलीभर अंथरली आहे अशी कल्पना करा. ती वीतभर पुढे सरकवायची आहे. सगळी एकदम ओढाल तर दमून जाल. पण एका टोकाला सुरकुती पाडून ती हळूहळू दुसऱ्या टोकाकडे ढकलत नेली, तर सतरंजी सहज सरकते. धातूतले अणू ओळीने रचलेले असतात आणि त्या रचनेत अशाच सुरकुत्या असतात. धातू वाकतो तेव्हा या सुरकुत्या सरकतात. कार्बनचे अणू म्हणजे सतरंजीखालचे खडे. सुरकुती खड्याशी अडते आणि धातू वाकायला कुरकुर करतो, म्हणजेच कठीण होतो. पण खडे फारच झाले तर सुरकुती हलूच शकत नाही. मग जोर लावला की सतरंजी सरकायच्या ऐवजी फाटते.

कठीणपणा आणि चिवटपणा या दोन निराळ्या गोष्टी आहेत हे लक्षात ठेवा. धार टिकायला कठीणपणा हवा, घाव सोसायला चिवटपणा हवा. एक वाढवावा तर बहुधा दुसरा घटतो. खेळातल्या शिडीत हे भांडणच नाही. तेथे प्रत्येक धातूला एकच आकडा.

हे भांडण तुम्हाला वर्गात पाहता येईल. शिक्षक जवळ असल्याशिवाय मात्र हा प्रयोग करू नये, आणि डोळ्यांवर संरक्षक चष्मा हवाच. गोधडी शिवायच्या तीन मोठ्या सुया घ्या. पहिली सुई पकडीत धरून स्पिरिटच्या दिव्यावर लालबुंद करा आणि ज्योतीतून अगदी सावकाश वर उचलत थंड होऊ द्या. ती तारेसारखी वाकेल. दुसरी लालबुंद करून झटकन थंड पाण्यात बुडवा. आता तिच्यावर जाड फडके गुंडाळून वाकवा. कट्‌कन तुटेल. तिसरीही तशीच पाण्यात बुडवा, मग तिचा काळा थर काचकागदाने हलकेच घासून काढा आणि ज्योतीच्या बरीच वर धरून पुन्हा थोडीशी तापवा. सुईवर आधी गवती पिवळा रंग येईल, मग तांबूस, जांभळा आणि शेवटी निळा. निळा दिसताच बाजूला घ्या. त्या वेळी तिचे तापमान ३०० अंशांच्या जवळपास असते. ही सुई वाकेल आणि सोडताच पुन्हा सरळ होईल.

तिन्ही सुयांत लोखंड तेच, कार्बनही तितकाच. लाल तापलेल्या पोलादात कार्बन विरघळलेला असतो. सावकाश थंड केले तर त्याला बाहेर पडून वेगळा बसायला सवड मिळते. पाण्यात बुडविल्याने ती सवड मिळत नाही. कार्बन जागच्या जागी अडकून पडतो, अणूंची रचना ताणली जाते आणि पोलाद कठीण पण ठिसूळ होते. पुन्हा थोडे तापवले की अडकलेल्यांपैकी काहींची सुटका होते आणि चिवटपणा परत येतो. आपले लोहार याला पाणी देणे म्हणतात. कोयत्याला पाणी बरोबर बसले की नाही हे ते रंगावरूनच ओळखतात. खेळात भट्टी आहे, ऐरण आहे, हातोडा आहे. नेहमीच्या लोहारकामात पाणी देण्याची क्रिया मात्र नाही. मला विचाराल तर अर्धी लोहारकी तेथेच राहून गेली.

बिडाच्या वाटेवर पण अलीकडे थांबलेले एक पोलाद आपल्याच देशात होत असे. दक्षिणेत, आजच्या तेलंगणात, तमिळनाडूत आणि कर्नाटकात, मातीच्या मुशीत लोखंडाचे तुकडे, लाकडाच्या ढलप्या आणि पाने घालून तोंड बंद करीत. मूस कित्येक तास तापवून हळूहळू थंड होऊ देत. त्यातून मुठीएवढी वडी निघे. कन्नडमध्ये पोलादाला 'उक्कु' म्हणतात, आणि त्यावरूनच इंग्रजांचा 'वुट्झ' आला असे मानतात. या पोलादात कार्बन सुमारे दीड टक्का असे. इतका कार्बन असूनही पाण्याच्या लहरींसारखी नक्षी असलेल्या दमास्कस तलवारी त्यातून घडत. यातली मेख अशी, की ते पोलाद मंद लाल रंगावरच ठोकावे लागे. युरोपातले लोहार आपल्या सवयीप्रमाणे ते पांढरे होईपर्यंत तापवीत आणि घण बसताच त्याचा भुगा होई.

थोर शास्त्रज्ञ मायकेल फॅराडे यांनाही या पोलादाने भुरळ घातली. १८१९ साली त्यांनी त्याचे रासायनिक विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यात त्यांना अ‍ॅल्युमिनियमचा अंश आढळला आणि गुणाचे श्रेय त्यांनी त्याला दिले. ते चुकले होते. विसाव्या शतकाच्या अखेरीस अमेरिकेतील धातुशास्त्रज्ञ व्हर्होवेन आणि लोहार पेंड्रे यांनी मिळून अशा तलवारी पुन्हा घडवून पाहिल्या. खनिजात मुळातच असलेल्या व्हॅनेडियमसारख्या धातूंचा अत्यल्प अंश ती नक्षी घडवतो, असे त्यांनी १९९८ मध्ये दाखवले. जुन्या कारागिरांनी व्हॅनेडियमचे नावही ऐकले नव्हते. अमक्याच खाणीचे लोखंड चांगले, एवढे त्यांना माहीत होते.

वज्र आणि भूत

आता अ‍ॅडमंट. हा शब्द ग्रीक भाषेतला. 'अडामास' म्हणजे जो नमत नाही तो. पुराणकथेत क्रोनॉसचा विळा याच पदार्थाचा होता. पुढे हाच शब्द हिऱ्याला लागला आणि त्याचे इंग्रजी 'डायमंड' झाले. आपल्याकडे 'वज्र' या शब्दाची जोडीही तशीच नाही का? इंद्राचे अस्त्र ते वज्र आणि हिराही वज्रच. रोमन लेखक प्लिनी याने तर ऐरणीवर ठेवून घाव घातला तरी हा फुटत नाही, असे लिहून ठेवले. कृपा करून कोणी आईच्या कुडीतल्या हिऱ्यावर हे पडताळू नका! हिरा दुसऱ्या कशानेही सहसा ओरखडला जात नाही, पण हातोड्याने फुटतो. कठीणपणाचे टोक गाठले तरी चिवटपणा येत नाही, याचे याहून चांगले उदाहरण नाही. आणि हिरा आहे शुद्ध कार्बनचा, म्हणजे कोळशाचाच भाऊ. अ‍ॅडमंटला सहा कोळसे लागतात ते यासाठी की काय, असे भाच्याने विचारले. यावर मला हसू आवरेना.

तरीही माणसाने एक अ‍ॅडमंट खरोखर बनवला आहे. त्याची गोष्ट जर्मनीतल्या खाणीत सुरू होते. तेथील खाणकामगारांना कधीकधी चांदीसारखा दगड मिळे, पण भट्टीत घातला की चांदी निघायची नाहीच, उलट विषारी धूर निघे. त्या दगडात आर्सेनिक असे. कामगार म्हणत, खाणीतल्या 'कोबोल्ड' नावाच्या भुताने चांदी चोरून हा दगड ठेवला. अठराव्या शतकात स्वीडनचे गेऑर्ग ब्रांट यांनी त्या दगडातून नवा धातू वेगळा केला. नाव मात्र भुताचेच राहिले, कोबाल्ट. पुढे १९२३ साली जर्मनीत कार्ल श्रोटर यांनी टंगस्टन कार्बाइडची अतिशय कठीण पूड कोबाल्टमध्ये भाजून जोडली. कठीण कण खडीसारखे आणि चिवट कोबाल्ट सिमेंटसारखा. कठीणपणा एकाचा, चिवटपणा दुसऱ्याचा. क्रुप कंपनीने १९२६ मध्ये तो 'विडिया' नावाने बाजारात आणला. मूळ जर्मन शब्दांचा अर्थ 'हिऱ्यासारखा'. म्हणजे अ‍ॅडमंटच! आपल्या कारखान्यांत लेथवर काम करणारे कारागीर या हत्याराला विडियाच म्हणतात. भिंतीत भोके पाडायच्या गिरमिटाच्या टोकावरही त्याचाच तुकडा बसवलेला असतो.

मिथ्रिल हे नाव इंग्रज लेखक टॉल्किन यांचे. त्यांच्या 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' या १९५४-५५ साली प्रसिद्ध झालेल्या कादंबरीत फ्रोडो मिथ्रिलचे चिलखत घालतो. ते पिसासारखे हलके, चांदीसारखे चमकणारे आणि कधीही न काळवंडणारे आहे. भाला त्यातून आरपार जात नाही, पण फ्रोडोच्या बरगड्या ठेचून काळ्यानिळ्या होतात. टॉल्किन भाषेचे प्राध्यापक, पण पदार्थविज्ञान त्यांनी येथे चोख सांभाळले. चिलखत भाल्याचे टोक अडवील, पण भाल्याचा संवेग जाईल कोठे? तो अंगालाच सोसावा लागणार.

मिथ्रिलच्या सर्वांत जवळचा खरा धातू टिटॅनियम. लोखंडाची घनता ७.८७ तर याची सुमारे ४.५. त्याची मिश्रणे पुष्कळशा पोलादांइतकी बळकट असतात आणि खाऱ्या पाण्यातही गंजत नाहीत. १७९१ मध्ये इंग्लंडमधील विल्यम ग्रेगर यांना तो एका काळ्या वाळूत आढळला. तशी काळी वाळू आपल्या रत्नागिरीच्या किनाऱ्यावरही आहे. तिच्यात टिटॅनियमचे इल्मेनाइट हे खनिज असते. म्हणजे दुर्मीळ म्हणावा असा हा धातू नाही. तो महाग आहे तो त्याच्या हट्टामुळे. तापला की तो ऑक्सिजन आणि नायट्रोजन दोन्ही ओढून घेतो आणि ठिसूळ होतो, कोळशाशीही संयोग पावतो. म्हणून खेळातले चार कोळसे येथे उपयोगाचे नाहीत. आधी त्याचे क्लोराइड करून मग हवा वगळलेल्या भांड्यात मॅग्नेशियमच्या साहाय्याने तो मोकळा करावा लागतो.

हे सारे बोलणे चालू असताना भाच्याच्या पडद्यावर एकदम गर्दी उसळली. त्या खेळात अधूनमधून आकाशातून तारा पडतो आणि सगळे खेळाडू कुदळी घेऊन धावतात. मला जहांगीर बादशहाची आठवण झाली.

१६२१ साली जालंदरजवळच्या एका गावात मोठा आवाज करीत आकाशातून तेजस्वी गोळा पडला. अंमलदाराने जमीन खणविली. आत तापलेल्या लोखंडाचा गोळा निघाला. त्याचे वजन १६० तोळे भरले. बादशहाने तो उस्ताद दाऊद या कारागिराकडे दिला आणि शस्त्रे घडवायला सांगितले. ही हकीकत जहांगीराने स्वतःच आपल्या आठवणींत लिहून ठेवली आहे. आकाशातून आलेले लोखंड, बादशहाचा हुकूम, राज्यातला नामांकित कारागीर. आणि घण पडताच धातूचे तुकडे होऊ लागले! उल्केच्या लोखंडात निकेल असते, तसेच पुष्कळदा गंधक व फॉस्फरसची संयुगेही असतात. अशी संयुगे लाल तापलेल्या धातूला ठिसूळ करतात. दाऊदने मग त्या लोखंडाचे तीन भाग आणि साध्या लोखंडाचा एक भाग असे मिश्रण केले. त्यातून दोन तलवारी, एक खंजीर आणि एक सुरी तयार झाली. तलवारी वाकून पुन्हा सरळ होत आणि उत्तम कापीत, असे बादशहा लिहितो. त्यातली सुरी आज वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

भाचा विचार करीत होता. "तीन भाग उल्का, एक भाग लोखंड," तो पुटपुटला. "आणि कोळसे किती, मामा?"

ते मात्र जहांगीराने लिहून ठेवलेले नाही.